पाल्यास बरे नसल्यामुळे

वारजे,
३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मावशी,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. वारज्याहून खडकीला गाडीवर सहज येणारा माणूस पोस्टानं पत्र पाठवतोय, म्हणजे ह्याचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. पण फोनवर बोलायची सोय राहिली नाही. आमच्या भिरभिर कंपनीच्या ॲपला कॉल, मेसेज सगळ्याची परवानगी दिलेली आहे. घरच्यांशी रडगाणं गायलं की 'उमेद' कमी होते. उमेद म्हणजे मार्क असतात, ते कमी झाले की ऑर्डरी कमी मिळतात. आणि समोर येऊन बोलावं, तर मी सध्या विश्रांतीवर आहे. विश्रांती म्हणजे आयडी बंद, काम बंद. परवा मोबाईलवर फुगे उडाले आणि खाली लिहून आलं, 'अभिनंदन! तुम्हाला विश्रांती मिळाली आहे.' ह्या विश्रांतीत कोथरूड-वारज्याच्या बाहेर पाऊल टाकलं तर ती आणखी वाढते.

झालं ते असं. कोथरूडला श्यामलाताई म्हणून एक बाई एकट्या राहतात. त्यांचं मनगट दुखतं, बरणीचं झाकण उघडत नाही. म्हणून रोज दुपारी चारला त्या आमच्याकडून कढीपत्ता मागवतात. कढीपत्ता कोणाला हवाय? झाकण उघडायला माणूस हवा असतो. त्यांचं ठरलेलं असतं म्हणून एकदा मी हबमधून, म्हणजे आमच्या गोदामातून, जुडी आधीच उचलली आणि जाऊन उभा राहिलो. त्यांनी दार उघडलं, माझ्यासमोरच फोनचं बटण दाबलं, मी जुडी हातात दिली. ॲपनं वेळ लावली : शून्य मिनिटं.

दुसऱ्या दिवशी हबमध्ये माझा फोटो, वर हार. हार, मावशी! खाली लिहिलेलं, 'बुद्धभूषण करू शकतो, तर तू का नाही?' आणि सगळ्यांची मर्यादा दहा मिनिटांवरून शून्यावर आणली. आता सात मिनिटांत पोचलेला पोरगा सात मिनिटं लेट धरतात. मी स्वतः तीन दिवसांनी एका ऑर्डरीला अकरा मिनिटं घेतली, म्हणून माझी 'घसरण' झाली आणि विश्रांती मिळाली.

आता रागावू नकोस. कंपनी म्हणते आपण सगळे एक कुटुंब, म्हणून आयडी काढताना प्रत्येकाकडून पालकाचं नाव घेतात. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, मी तुझं नाव घातलं. चाळिशीला आलेल्या माणसाला पालक कशाला, हे मी विचारलं नाही. तुला पत्र येईल, सोबत माफीपत्र असेल. त्यावर सही कर आणि पाठवून दे. महिनाअखेरीपर्यंत ते मिळालं नाही तर आयडी कायमचा जातो आणि ह्या वयात मला दुसरं काम कोण देणार? वाद घालू नकोस, हात जोडतो.

तुझा,
भूषण


भिरभिर परिवार,
कोथरूड घरटं,
५ नोव्हेंबर २०२५

आदरणीय पालक श्रीमती कांताबाई,
सस्नेह भिरभिर!

भिरभिरमध्ये नोकर नसतात आणि साहेबही नसतात. इथे असतात फक्त पाखरं, मी त्यांचा दादा, आणि आमच्या डोक्यावर मायेचा हात ठेवणारे विभागीय प्रमुख पुष्करआजोबा (वय ३१).

आपला पाल्य बुद्धभूषण ह्याची प्रगती खालावल्याचं कळवताना जड जातं. शून्य मिनिटांत पोचणारं हे पाखरू तीन दिवसांत अकरा मिनिटांवर आलं. क्षमता नसती तर आम्ही समजून घेतलं असतं. क्षमता आहे, पण पाल्य करत नाही. घरी काही ताण आहे का? पाल्य मोबाईल जास्त बघतो का? (आमचं ॲप सोडून.)

आपल्या माहितीसाठी कुटुंबाचे नियम सोबत आहेत. पाखराची नखं कापलेली असावीत. डबा पौष्टिक असावा. मुलींनी दोन वेण्या घालाव्यात. आजारपणात पालकांची चिठ्ठी आणल्यास गैरहजेरी माफ होईल. पाखरांनी मात्र एकत्र येऊन काम थांबवल्यास त्यांना घरट्यातून कायमचं उडावं लागेल.

सोबतच्या माफीपत्रावर 'पाल्याची चूक आहे आणि माझं त्याच्याकडे दुर्लक्ष झालं आहे' ह्या वाक्याखाली सही करून पाठवावी.

आपला लाडका,
प्रज्ञेश (दादा)


खडकी,
१० नोव्हेंबर २०२५

श्री. प्रज्ञेश यांस,
जयभीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, शेजारच्या बालवाडीचं पत्र पोस्टमननं चुकून माझ्याकडे टाकलं. माझ्या पाल्याचे कानाजवळचे केस पिकलेत. त्याच्या लग्नाला बारा वर्षं झाली. त्याची नखं मी शेवटची कापली तेव्हा तुमचा जन्म झाला असेल-नसेल.

घरी ताण आहे का, असं विचारलंत. आहे. तुम्हीच तो पाठवलाय.

आता शून्य मिनिटांचं. मी ह्या खडकीत दारूगोळ्याच्या कारखान्यात आयुष्य काढलं. अहो, तिथला तोफेचा गोळासुद्धा पोचायला वेळ घेतो. माझा भूषण एका बाईच्या बरणीचं झाकण उघडायला वेळेआधी जाऊन उभा राहिला. त्याला चांगलं म्हणायचं सोडून तुम्ही त्याच्या फोटोला हार घातलात आणि बाकीच्या पोरांच्या मानेवर सुरी ठेवलीत. डबा पौष्टिक हवा म्हणता, तो खायला जिन्याची पायरी सोडून दुसरी जागा दिलीत का कधी?

आणि हे नियम कुठल्या शाळेच्या डायरीतून उतरवलेत, तेवढं कळवा. वेण्या काढायच्या राहिल्यात.

माफीपत्र कोरं परत पाठवते आहे. ज्याची चूक असेल त्यानं भरावं.

कांताबाई


वारजे,
१५ नोव्हेंबर २०२५

मावशी,
जयभीम.

काय केलंस हे! दादानं तुझं पत्र हबमध्ये मोठ्यांदा वाचून दाखवलं. तोफगोळ्यापर्यंत सगळे हसत होते, मग दादा म्हणाला, 'पालकाचा सूर नकारात्मक आहे,' आणि माझी विश्रांती वाढली. आता पुढच्या शनिवारी पालकसभा ठेवली आहे. पाल्यांना प्रवेश नाही, तुलाच जावं लागेल. दुसरं माफीपत्र सोबत घातलंय, त्यावर तिथे सही मिळाली नाही तर माझा आयडी गेलाच म्हणून समज.

इथे माझ्याशी कोणी बोलत नाही. माझ्या शून्यापायी सगळे लेट ठरतात. निकिता म्हणून आमच्यात एक मुलगी आहे, तिचा बॉबकट. दोन वेण्या होत नाहीत म्हणून तिलाही विश्रांती मिळाली. तीसुद्धा माझ्याकडे बघून तोंड फिरवते. संजय तर माझा मित्र, तो परवा म्हणाला, 'भूषण, तू त्या दिवशी जरा रमतगमत गेला असतास तर काय बिघडलं असतं?'

मावशी, तुझं बोलणं बरोबर आहे, मला कळतं. पण बरोबर बोलणं तुला परवडतं. तुझी पेन्शन बिनबोभाट बँकेत येते. मी रोज सकाळी मोबाईल उघडतो आणि फुगे बघून बंद करतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही, रोज टोपी-जॅकेट घालून बाहेर पडतो आणि कर्वे पुतळ्यापाशी बसून राहतो. तू मला मोठं केलंस ना? मग एकदा माझ्यासाठी खोटं लिही.

भूषण


खडकी,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. भूषण,
जयभीम आणि आशीर्वाद.

पेन्शनचं बोललास ते लागलं मला. फार लागलं. चार दिवस तुझं पत्र उशाखाली ठेवून निजले आणि शेवटी उठून सही केली. हो, केली. 'पाल्याची चूक आहे' ह्या वाक्याखाली, वळणदार अक्षरात. म्हटलं, मोठेपणा घेऊन काय करायचंय, पोराची चूल पेटली पाहिजे. कागद पर्समध्ये घातला आणि बसनं कोथरूडला गेले.

सभा कुठे, तर मंगल कार्यालयात. सकाळच्या लग्नाची सजावट तशीच, मागे थर्माकोलमध्ये 'अपूर्वा आणि सलिल'. त्याच्यापुढे नवरानवरीच्या लाल खुर्च्या आणि त्यात बसलेले कोण? तुमचा प्रज्ञेशदादा आणि ते पुष्करआजोबा. आजोबांना अजून नीट मिशी फुटलेली नाही रे! मला हसू आवरेना. अक्षता टाकायचंच काय ते बाकी होतं.

आजोबा उठून म्हणाले, शून्य हे आपलं कालचं स्वप्न होतं. आता उणे पाच. गिऱ्हाइकाला भूक लागायच्या आधी पाच मिनिटं वस्तू दारात पाहिजे. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, म्हणून मोबाईलवर टाळ्यांचा आवाज लावला.

मग एकेका पालकाला वर बोलावून प्रगतिपुस्तक द्यायला लागले. एका पोराची बायको पालक म्हणून आली होती, नवऱ्याची घसरण ऐकून बिचारी पदर डोळ्याला लावत होती. एक म्हातारे गृहस्थ मुलाच्या वतीनं कान धरायला निघाले होते, मी हात धरून खाली बसवलं. आणि मग नाव पुकारलं, 'पाल्य संजय, पालक ओवी.' शाळेच्या गणवेशातली एवढीशी पोरगी उठली. संजयला घरात दुसरं कोणी नाही, म्हणून त्यानं लेकीचंच नाव दिलेलं.

आजोबा तिला म्हणतात कसे, 'पालक, तुमचं पाल्याकडे लक्ष नाही.' ती म्हणाली, 'बाबा जेवता जेवताच झोपतात.' आजोबा म्हणाले, 'तुम्ही त्यांना लवकर उठवत जा.' पोरगी खाली मान घालून उभी राहिली. पर्समधला सहीचा कागद हाताला लागत होता आणि मला माझीच लाज वाटत होती.

तेवढ्यात ओवीनं हात वर केला. शाळेत करतात तसा, बोट वर. म्हणाली, 'आमच्या शाळेत आईनं चिठ्ठी दिली की सुट्टी मिळते. तुमच्या नियमात पण तसंच लिहिलंय. मी बाबांना चिठ्ठी देऊ का? त्यांना बरं नाहीये.' प्रज्ञेशनं नियमांचा कागद उलटापालटा केला आणि त्याचा चेहरा असा पडला की विचारू नकोस. आजोबांनी त्याच्या कानात काहीतरी विचारलं, ह्यानं मान हलवली. नियम त्यांचाच, नाही कसं म्हणतील?

मी उठले. म्हटलं, पाखरांनी मिळून काम थांबवायचं नाही, हे मान्य. आम्ही पाखरं नाही, आम्ही पालक. ओवी बाळ, ये इकडे, चिठ्ठी कशी लिहितात ते सगळ्यांना सांग. तिनं एकेक शब्द सांगितला आणि अख्ख्या मंगल कार्यालयानं लिहून घेतला. कागद कुठला, तर माफीपत्रांची मागची बाजू. मीही माझं उलटं केलं.

'माझ्या पाल्यास बरे नसल्यामुळे तो येत्या गुरुवारी कामावर येऊ शकत नाही. शून्य मिनिटांच्या धावपळीने त्यास ताप भरला आहे. मर्यादा पूर्ववत झाल्यास ताप उतरेल. तरी रजा मंजूर करावी.'

आजोबा म्हणाले, गुरुवारी ताप येणार हे आजच कसं कळलं? मी म्हटलं, तुम्हाला उणे पाच मिनिटं चालतात, आम्ही उणे पाच दिवसांत पोचवलं.

तेव्हा गुरुवारी घरी झोपून राहा. बायकोला खरं सांग. पुतळ्यापाशी बसू नकोस, ऊन लागतं. तुझा आयडी येतो की जातो, मला माहीत नाही आणि भीती मलाही वाटते आहे. गेला तर माझी पेन्शन आहे. ती माझी एकटीची आहे असं कोण म्हणालं तुला?

तुझी,
मावशी


वारजे,
२८ नोव्हेंबर २०२५

प्रिय मावशी,
जयभीम!

आज सकाळी मोबाईलवर काळी पट्टी आली, 'क्षमस्व! तुमची विश्रांती संपली आहे.' मावशी, आयडी चालू झाला! मी बायकोला उचलूनच घेतलं. परवाच तिला सगळं सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली, 'तरीच रोज डबा तसाच परत यायचा.'

काल काय झालं ते ऐक. काल अख्ख्या कोथरूडला ताप होता. एकही पाखरू उडालं नाही. निकिता मैत्रिणीकडे जाऊन झोपली, संजय ओवीच्या देखरेखीखाली झोपला, तिनं त्याला पांघरुणाबाहेर पाय काढू दिला नाही. हब रिकामं. संध्याकाळी कॉम्प्युटरनं हिशेब काढला. ऑर्डरी पोचवल्याच नाहीत, म्हणून एक सोडली तर उशीर कशालाच झाला नाही. उशीर नाही म्हणून आमचं घरटं देशात पहिलं आलं! पुष्करआजोबांना वरून बक्षीस. त्या आनंदात सगळ्या विश्रांत्या रद्द झाल्या. मर्यादाही पुन्हा दहा मिनिटं, कारण तुम्हा पालकांच्या चिठ्ठ्यांत तसं लिहिलेलं आणि एवढा चांगला ताप पुन्हा आणावा की उतरवावा, हे त्यांना ठरवता आलं नाही.

एकच ऑर्डर म्हणे पोचली, तीही रखडत रखडत. आज श्यामलाताईंकडे गेलो तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, 'काल तुमच्याऐवजी एक टाय लावलेला मुलगा आला होता. कढीपत्ता म्हणून कोथिंबीर घेऊन आला. घामानं निथळत होता बिचारा.' दादाच की तो!

पेन्शनचं मी बोललो, ते विसर. मला झोप येत नाही त्यानं. पुढच्या आठवड्यात रविवारी, सात तारखेला, सगळ्यांना घेऊन येतो आणि तुझ्या माठाखालची फरशी हलते आहे ती बसवून देतो.

तुझा,
भूषण


कोथरूड,
३ डिसेंबर २०२५

आदरणीय कांताबाई,
नमस्कार.

हे पत्र कंपनीच्या कागदावर नाही, वहीच्या पानावर आहे, हे आपल्या लक्षात आलंच असेल. मी प्रज्ञेश. मला विश्रांती मिळाली आहे.

गुरुवारी हबमध्ये मी एकटाच होतो. चार वाजता श्यामलाताईंची ऑर्डर पडली. ती रद्द करायची असं वरून सांगितलेलं होतं. पण आपलं पत्र मी हबमध्ये वाचून दाखवलं होतं, ते झाकण माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मीच निघालो. तीन वर्षं मी पाखरांना रस्ते सांगतोय आणि मला एक गल्ली सापडेना. त्यांच्या सोसायटीच्या वॉचमननं मला लिफ्ट वापरू दिली नाही, म्हणाला डिलिव्हरीवाल्यांनी जिन्यानं जायचं. पोचलो तेव्हा श्यामलाताई दारातच उभ्या होत्या. झाकण काही उघडेना, शेवटी टाय गुंडाळून फिरवलं तेव्हा उघडलं. त्यांनी माझ्या हातावर लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली आणि मला एकदम रडू आलं. का ते सांगता येणार नाही.

घरटं पहिलं आलं, पण त्या एका ऑर्डरीमुळे शंभर टक्क्यांचे नव्व्याण्णव झाले. पुष्करआजोबा म्हणाले, तू कुटुंबाचं नाक कापलंस.

शाळेच्या डायरीचं आपण ओळखलंत. एका रात्रीत नियम करून हवे होते, मी माझी सातवीची डायरी काढली आणि 'विद्यार्थी' खोडून 'पाखरू' लिहिलं. आजोबांनी वाचलंसुद्धा नाही.

आता माझ्याकडूनही पालकाचं माफीपत्र हवंय. माझी आई परभणीला असते. मी मोठ्या ऑफिसात आहे, हाताखाली माणसं आहेत, एवढंच तिला माहीत आहे. तिला हे कसं सांगू? आपण माझ्या पालक म्हणून सही कराल का? मी आपल्याशी आणि भूषणदादांशी जे वागलो, त्यानंतर मागायचं तोंड नाही. पण दुसऱ्या कोणाचा पत्ता माझ्याकडे नाही.

आपला,
प्रज्ञेश


खडकी,
८ डिसेंबर २०२५

मा. पुष्करआजोबा (वय ३१) यांस,
जयभीम.

विषय : पाल्यास रजा मिळण्याबाबत.

माझा पाल्य प्रज्ञेश ह्याच्यासाठी आपण माफीपत्र मागितलं आहे. ते मिळणार नाही. पाल्यानं एका बाईच्या बरणीचं झाकण उघडलं. कढीपत्त्याऐवजी कोथिंबीर नेली, तेवढं मी त्याला रागावले आहे. घरचं प्रकरण घरात मिटलं.

पाल्यास बरे नाही. तीन वर्षं खोटं गोड बोलून त्याचा घसा बसला आहे. रविवारी तो माझ्याकडे जेवायला आला, भूषणनं आणि त्यानं मिळून माझ्या माठाखालची फरशी बसवली. वाकडी बसवली, पण बसवली. दोघांनी मिळून भाकऱ्या संपवल्या आणि मग प्रज्ञेशनं माझ्यासमोर बसून परभणीला आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती माउली एवढंच म्हणाली, 'जेवलास का?' तेव्हा आता त्याला खऱ्या पालक आहेत. मी जोडीला आहे.

त्याला आठ दिवसांची रजा द्यावी. परत यायचं की नाही, हे तो बरा झाल्यावर स्वतः ठरवील. मोठा आहे तो.

जाता जाता एक. सभेत आपण त्या लाल खुर्चीत बसला होतात, तेव्हा मोबाईल वाजला की दर वेळी दचकत होतात. पाणी ठेवलेलं होतं, ते शेवटपर्यंत प्यायला नाहीत. मी समोरच बसले होते, मला दिसत होतं.

आपल्या पालकांचं नाव आणि पत्ता उलट टपाली कळवावा. मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

कांताबाई,
पालक